बाजूनं काढलेला फोटो

माझे वडील, आमचे दादा, जेवताना भिंतीकडं तोंड करून बसत. पाट भिंतीपासून हातभर अंतरावर, मधे ताट, आणि आमच्याकडं त्यांची पाठ. माझी मोठी बहीण कमळाक्का आणि मी चुलीपाशी आईजवळ बसायचो, आणि त्या पाठीकडं बघतच आमची लहानपणची सगळी जेवणं झाली. चिंचवड गावठाणात आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत चूल, आणि चुलीसमोर ही दादांची भिंत. तिच्यावर कुणी कधी खुंटी ठोकली नाही की तसबीर लावली नाही. दादा बसले की आधी आमटीचा भुरका ऐकू यायचा, मग भाकरी कुस्करल्याचा बारीक आवाज. भाकरीचा तुकडा दातानं तोडल्याचा आवाज मात्र कधी यायचा नाही. दुसऱ्या एखाद्या घरात या गोष्टीचा कुणी काही अर्थ लावला नसता. आमच्या घरात लावला. आम्हा दोघींची पक्की खात्री होती की आई दादांच्या भाकरीखाली लोण्याचा गोळा दडवते, आणि तो आम्हाला दिसू नये म्हणून ही भिंतीची युक्ती आहे. अक्का त्यांचं ताट घासायला नेताना आधी त्याचा वास घ्यायची. "लोण्याचा वास न्हाई," मोरीतून ती मला हळूच सांगायची, "पर बोटानं पुसून घेतलं असंल."

आम्हाला तरी काय बोल लावायचा? संशय घेणं हेच दादांचं पोटापाण्याचं काम होतं. देहूरोडला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो होता, आणि दादा त्याच्या फाटकावर कामगारांची झडती घ्यायला होते. आत जाणाऱ्याकडं काडेपेटी नाही ना, विडी नाही ना, हे बघायचं. बाहेर पडणाऱ्यानं पितळेचा तुकडा नेला नाही ना, हे बघायचं. खिसे, टोपी, जेवणाचा डबा, वहाणा, आणि सगळ्यात शेवटी तोंड, कारण पितळ गालात धरून नेणारेही महाभाग असत. "तोंड उघड. जीभ वर. गाल बघू." काही सापडलं नाही की दादा "साफ" म्हणायचे आणि तो माणूस घरच्या वाटेला लागायचा. ही सवय फाटकावर ठेवून घरी येणं त्यांना काही जमलं नाही. न्हावी घरी आला तरी पोरांच्या डोक्याकडं बघतो, तसं. संध्याकाळी आले की चहा पिता पिता आमच्या परकराच्या खिशावरनं त्यांची नजर फिरायची, आणि सुट्टीच्या दिवशी ट्रंक, डबे, फडताळ सगळं एकदा उघडून बघितलं जायचं. आम्ही काही चोरलंय असं त्यांना वाटायचं म्हणून नव्हे. बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, एवढंच. मी आज ऐंशीला टेकले आहे, आणि दूधवाला हसून बोलला तर त्यादिवशी दूध उकळून आधी चव घेऊन बघते. हा वारसा मला कुठून आला हे काही सांगायला नको.

दादांना छातीपर्यंत दाढी होती. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाला अशी दाढी नव्हती. ती नवसाची आहे असं सगळे म्हणत. कुठल्या देवाचा नवस आणि कशासाठी, हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण नवस बोलून दाखवला की फळत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं त्या दाढीला कुणी हात लावू शकत नव्हतं, अगदी आमच्या आळीतल्या चौकस बायकासुद्धा.

त्या बायकांच्या चौकशीला तोंड द्यायला मी होते. माझा खालचा जबडा पुढं आलेला होता. दुधाचे दात पडून समोरचे नवे आले ते उलटेच बसले, म्हणजे तोंड मिटलं की खालचे दात बाहेर आणि वरचे आत. पेरू चावला की फक्त सालीवर ओरखडा उठायचा. आई शिवताना दोरा दाताखाली धरून पटकन तोडायची, ते मला काही केल्या साधायचं नाही. शाळेत मुली माझ्यासमोर हनुवटी पुढं काढून चालून दाखवायच्या. आळीतली कुणी ना कुणी आईला विचारायचीच, "अगं, हिचं तोंड कुणावर गेलं म्हणायचं?" आणि आई शांतपणे सांगायची, "कुणावर न्हाई. हनुवटीखाली हात घेऊन निजती, म्हणून झालंय." मी हनुवटीखाली हात घेऊन कधीच निजत नव्हते. आई खोटं का बोलते हे मला कळत नव्हतं, पण ती खोटं बोलते एवढं कळत होतं, आणि कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत राहायचं. आणखी एक गोष्ट मला खुपायची. दादा येणाऱ्याजाणाऱ्या परक्याचं तोंड उघडून बघत, माझे खिसे बघत, माझं दप्तर बघत. माझं तोंड त्यांनी कधी उघडायला लावलं नाही. माझं तोंड त्यांना बघवत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

मग एकदा माझी मागची एक दाढ किडून गाल सुजला. लवंग झाली, हळद झाली, आणि शेवटी आई मला घेऊन पिंपरीला गेली. तिथं सरहद्दीपलीकडून आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प होता, लांबच लांब बरॅकी, आणि त्यांच्यातच एक दाताचे डॉक्टर होते. केवलराम त्यांचं नाव. गावठाणातले लोक कॅम्पात कापड घ्यायला जात, पण परत येताना काहीतरी संशय घेऊनच येत. हे लोक सगळं गमावून आले होते आणि तरी सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून दुकान उघडायचे, यातच आमच्या लोकांना काहीतरी काळंबेरं वाटायचं. आई पदर घट्ट धरून खुर्चीच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी दाढ काढली, मी रडले, आणि मग गालात कापूस धरून बसले असताना ते माझ्या समोरून उठून बाजूला जाऊन बसले आणि तिथून माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ. आईनं पदर आणखी घट्ट केला.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक दोरा काढला. एक टोक माझ्या कपाळाला लावलं आणि दुसरं ओढून हनुवटीपर्यंत आणलं. मग भिंतीवर खडूनं तीन चेहरे काढून आईला दाखवले, तिन्ही बाजूनं. एकात दोरा कपाळ, ओठ आणि हनुवटी यांना लागून सरळ उतरत होता. दुसऱ्यात ओठ दोऱ्याच्या पुढं आणि हनुवटी मागं. तिसऱ्यात मधला भाग आत गेलेला आणि हनुवटी पुढं, बीजेच्या चंद्रासारखा. "माणसाचा चेहरा असा तीन प्रकारचा," ते म्हणाले. त्यांचं मराठी सिंधी-हिंदीच्या वळणाचं होतं, पण स्पष्ट. "सरळ, फुगीर, आणि हा खोलगट. मुलीचा हा तिसरा." परवा माझ्या नातीच्या दातांना पट्ट्या बसवायला गेलो, तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर अगदी तेच तीन चेहरे दाखवले. खडूच्या जागी रंग होते, बाकी सगळं तेच. मी त्यांना म्हटलं, मला ठाऊक आहे हे. त्यांनी माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं.

केवलराम डॉक्टरांनी मला जबडा मागं ओढून दातावर दात टेकवायला सांगितलं. मी खूप खटपट करून टेकवले, धारेवर धार. त्यांचा चेहरा उजळला. "हे चांगलं," ते आईला म्हणाले. "म्हणजे अर्धी सवय आहे. वरचे दात आत बसले, म्हणून जबडा पुढं सरकून मिटतो. तेवढं तारेनं दुरुस्त होतं. बाकीचं अर्धं हाड. ते किती वाढेल, हे हिच्याकडं बघून नाही कळणार. ज्याच्याकडून आलं त्याच्याकडं बघून कळेल. घरात असा जबडा कोणाचा आहे? बाप? आजोबा? काका?"

"कुणाचाच न्हाई," आई म्हणाली.

"बाई, जबडा पोस्टानं येत नाही."

"कुणाचाच न्हाई म्हणलं की. हनुवटीखाली हात घेऊन निजती."

डॉक्टरांनी मग घरची सगळी चौकशी केली. काका किती, मामा कुठले, वडील काय करतात. आई तुटक तुटक उत्तरं देत होती. नंतर त्यांनी तांबूस मेणासारखी एक वडी गरम पाण्यात मऊ केली, ती माझ्या तोंडात दाबली आणि माझ्या दातांचा ठसा घेतला. शेवटी पांढऱ्या चादरीपुढं उभं करून त्यांनी माझे दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं. "पुढच्या वेळी वडिलांना घेऊन या," ते म्हणाले. "खरं कळल्याशिवाय मी तार बसवणार नाही. सगळं हाडच असेल तर उगाच पोरीला वर्षभर त्रास. आणि लवकर या. आता हाड कोवळं आहे. ही मोठी झाली की मग माझ्या हातात काही नाही." परत येताना रुळांच्या कडेनं चालत आई सारखी पुटपुटत होती, "दात बघायचं सोडून काका किती, मामा कुठलं. सोयरीक जुळवायचीय का काय ह्याला? आन् फोटो कशापायी? दात तर तोंडात हायती."

दाढेची जखम दाखवायला आम्ही परत गेलो, तेव्हा दादा बरोबर नव्हते. डॉक्टरांनी तयार झालेले दोन्ही फोटो पाकिटात घालून आईच्या हातात दिले. "हे वडिलांना दाखवा," ते म्हणाले, "म्हणजे येतील." आईनं ते पाकीट घरी आणून तांदळाच्या डब्यात खुपसलं. ज्या घरात आठवड्याला डबे उघडून बघितले जातात, तिथं तांदळाच्या डब्यात वस्तू लपवणारी बाई किती गांगरली असेल, हे मला आज कळतं.

दादांनी सुट्टीच्या दिवशी डबा उघडला. हात घातला, पाकीट काढलं, त्यावरचे तांदूळ झटकले. फोटो बघता बघता त्यांचा चेहरा असा काही बदलला की मला वाटलं, आपण काहीतरी भयंकर केलंय.

"ह्यो कुणी काढला?"

"कॅम्पातल्या दाताच्या डॉक्टरनं," आई म्हणाली.

"समोरून एक आन् बाजूनं एक. असा फोटो कुणाचा काढत्यात, ठाऊक हाय का तुला? फाटकावर पितळ घेऊन घावलेल्याचा काढत्यात. चोराचा. हापिसात लावून ठेवत्यात, परत कामावर घ्यायचा न्हाई म्हणून." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी कुठं कामाला हाय, ते इचारलं का त्यानं?"

"व्हय."

"सांगितलंस?"

"डेपोत म्हणून सांगितलं. त्यात काय चोरी हाय?"

दादा पाटावर टेकले. सरहद्दीपलीकडून आलेला माणूस, दारूगोळ्याच्या डेपोतल्या झडतीवाल्याच्या पोरीचे दोन फोटो काढतो, घरात कोण कोण आहे हे विचारतो, बापाला घेऊन ये म्हणतो. त्यांच्या डोक्यात ते सगळं एका ओळीत बसलं. हसू येतं आता, पण ज्या माणसानं आयुष्यभर बाजूनं काढलेला फोटो फक्त चोराचा बघितला, त्याला दुसरं काय सुचणार? आईला खरं काय ते माहीत होतं. डॉक्टरला दादांचा जबडा बघायचा होता, एवढीच ती गोष्ट. पण तेवढंच तिच्या तोंडून निघेना. "ह्यो खबऱ्या हाय," दादा म्हणाले, आणि खुंटीवरचा खाकी सदरा घातला. मला बरोबर घेतलं, मुद्देमाल म्हणून. आई दारापर्यंत आली, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

डॉक्टर एकटेच होते. दादांनी नमस्कार केला नाही. "तुमचं कपाट बघायचं हाय," म्हणाले. असा हुकूम सोडायचा दादांना काडीचा अधिकार नव्हता, आणि डॉक्टरांना ते कळत होतंच. त्यांनी त्या खाकी सदऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "बघा," ते म्हणाले. "ज्याला लपवायचं नाही त्याचं कपाट कोणीही बघावं." हे बोलताना त्यांची नजर दादांच्या दाढीवर होती. संशय काही आमच्याच घरची मिरास नव्हती.

दादा झडती घ्यायला लागले की त्यांचे हात फार हळू चालत. खण ओढले, बाटल्या उचलून बघितल्या, चादर झटकली. मग कपाट उघडलं. आत फळ्यांवर पांढरे जबडे मांडलेले होते, प्लास्टरचे, वरचा-खालचा जोडीनं. मी दादांच्या मागं सरकले. दादा मात्र एकाएका जबड्याकडं वाकून बघायला लागले, आणि एक जोडी त्यांनी अलगद उचलली. "ह्यो सदा हाय," ते म्हणाले. "वरचा सुळा तिरका. उजवीकडली दाढ न्हाई." डॉक्टरांनी प्लास्टर उलटं करून बुडाखालचं नाव वाचलं. सदाशिवच होता, डेपोतला हमाल. डॉक्टर मोठ्यानं हसले. दादांच्या मिशीतही काहीतरी हललं. ज्यानं सदाचे दात नीट करायला घेतलेत तो खबऱ्या नसावा, इतपत त्यांचं मन वळलं असावं.

"मग ह्या मुलीचं तोंड बघून तुम्हाला काय वाटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादांच्या आधी मीच बोलले. "माझं तोंड ते बघत नाहीत."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी दादांना स्टूल दिलं आणि आईला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, दोरा लावून, खडूचे चेहरे दाखवून. अर्धी सवय, अर्धं हाड. हाड कोवळं आहे तोवरच इलाज. आणि ते हाड कुठवर जाणार हे ज्याच्याकडून आलं त्याला बघितल्याशिवाय सांगता येत नाही. "बाई म्हणतात, घरात कोणालाच नाही. मला ते पटत नाही. तुम्ही सांगा."

दादा उठले. खाकी सदरा ओढून सरळ केला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, आता माझ्या दातांचा विषय संपला. घरी जायचं आणि जन्मभर पेरूला ओरखडे काढत बसायचं. मी कपाटाशी जाऊन सदाशिवच्या जबड्याकडं बघत उभी राहिले. हमालाचे दात सरळ होतात आणि माझे नाही, म्हणून मला रडू यायला लागलं. डॉक्टर आपलं चिमटे उकळायला ठेवत होते.

बऱ्याच वेळानं दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पेशंट असेल म्हणून मी बाजूला झाले. मग खाकी सदरा दिसला. कॅम्पाच्या तोंडाशी लिंबाखाली न्हावी बसायचा, त्याच्यापुढं बसून दादांनी दाढी उतरवली होती. वरचा चेहरा उन्हानं रापलेला आणि खालची कातडी पांढुरकी, जागोजागी वस्तरा लागलेला. आणि तो जबडा. पाकिटातल्या बाजूच्या फोटोत जो माझा होता, तोच, मोठा झालेला. मला आधी माझा फोटो ओळखू आला आणि मग माझे वडील. आणि खरं सांगते, मला माया वगैरे काही वाटली नाही. संताप आला. इतकी वर्षं मी आरशापुढं एकटी उभी राहत होते, आणि हा माणूस दोन हातांवर भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"बसा," डॉक्टर म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जणू त्यांना कधीपासून हेच अपेक्षित होतं. "तोंड उघडा."

दादांनी माझ्याकडं बघितलं. आता मला बाहेर जायला सांगतील असं वाटलं. "हितंच बस," ते म्हणाले आणि तोंड उघडलं. दुनियेची तोंडं उघडून बघणाऱ्या माझ्या वडिलांचं उघडं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. खालचे दात वरच्यांच्या कितीतरी पुढं होते, मधे बोट शिरेल इतके. त्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना जबडा मागं न्यायला सांगितलं, तो तसूभरही हलला नाही. मग दोरा लावून बघितला आणि चादरीपुढं बसवून बाजूनं एक फोटो काढला. दादा ताठ बसले होते. फाटकावरच्या त्या फोटोंची आठवण त्यांच्या मनात असणारच, पण ते हलले नाहीत.

"तुमचं सगळं हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासाठी मी काही करू शकत नाही. मुलीचं तसं नाही. तुम्हाला लहानपणी कोणी बघितलं असतं, तर... असो. हिला दिवसभर तार, आणि झोपताना हनुवटीला पट्टा, वाढ थांबेपर्यंत. चेहरा पूर्ण सरळ होणार नाही. पण दात बरोबर मिटतील."

"तेवढं बास," दादा म्हणाले.

गावठाणात शिरताना जो भेटेल तो थांबून बघायचा. "नवस फिटला का?" एकानं विचारलं. "फिटला," दादा म्हणाले आणि चालत राहिले. या एका शब्दानं त्यांनी काय करून घेतलं हे मला पुढं कळलं. नवस फिटला म्हटल्यावर दाढी परत वाढवायची सोय राहिली नाही. देवाला फसवलं असं लोक म्हणाले असते. त्यामुळं तो जबडा त्यांना पुढं जन्मभर उघडा घेऊनच फाटकावर उभं राहावं लागलं. ज्यांची तोंडं त्यांनी बघितली होती, ते सगळे आता त्यांच्याकडं बघून घेत. त्यांना मागून 'फावडं' म्हणायचे, हे आळीतल्याच एका कामगाराच्या बायकोनं आईला मुद्दाम येऊन सांगितलं. दादांनी घरात त्याचा कधी उच्चार केला नाही. आई त्या दिवशी दारात त्यांना बघून पदर तोंडाला लावून रडली. "अवं, माझ्या तोंडून गेलं असतं तर तुमाला काय वाटलं असतं," एवढंच म्हणत राहिली. अक्कानं मात्र मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "म्हणजे लोणी नव्हतंच?"

मग तार आली. गुलाबी रंगाची एक पातळ पट्टी टाळूला बसायची आणि तिच्यातून निघालेल्या तारा वरच्या दातांना आतून पुढं ढकलायच्या. पहिले दिवस तोंडात कुणाचा तरी चमचा राहिल्यासारखं वाटायचं, बोलताना थुंकी उडायची, आणि मऊ भात सोडून काही खाववत नसे. रात्रीचा पट्टा आईनं गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा शिवला आणि त्याला दादांच्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरी चिंध्या जोडल्या. एक टोपी डोक्याला, एक वाटी हनुवटीला, मधे ओढून धरणारं रबर. आळीत बातमी पसरली की कॅम्पातल्या डॉक्टरनं पोरीला लगाम घातलाय, आणि काही जणींना त्यात करणीचासुद्धा वास आला. मी पट्टी काढून परकराच्या खिशात टाकायला शिकले, पण खिसे बघणाऱ्याच्या घरात ती चोरी किती टिकणार? दादा संध्याकाळी आले की चहाच्या आधी माझ्यापुढं उकिडवे बसत. "तोंड उघड. जीभ वर. गाल बघू." ज्या तीन हुकमांची मी इतकी वर्षं वाट बघितली होती, ते आता रोज मिळायला लागले, आणि मला त्यांचा कंटाळाही यायला लागला. बघून झाल्यावर ते फक्त मान हलवत. साफ म्हणत नसत.

दादा अजून जेवायला भिंतीकडंच बसायचे. दाढी गेली, गुपित गेलं, पण ते काही फिरून बसले नाहीत, आणि आम्हीही तसं कधी म्हटलं नाही. अशाच एका दुपारी आम्ही जेवत होतो. बाजरीची भाकरी, चुलीवर कडक झालेली, आणि वालाची आमटी. तारेनं बरेच महिने ढकलून ढकलून वरचे दात खालच्यांच्या बाहेर नुकते आले होते, पण मला अजून धीर होत नव्हता. त्या दिवशी भुकेच्या भरात मी भाकरीचा काठ तसाच तोंडात धरला आणि तोडला. कट्ट असा आवाज झाला. समोरच्या दातांनी भाकरी तोडल्याचा. दादांचा हात ताटातच थांबला.

"कुणी तोडली?" भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं.

"शकीनं," आई म्हणाली.

त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी उचलली आणि न वळता खांद्यावरनं मागं धरली. "परत तोड."

मी उठून गेले. त्यांच्या हातातलीच भाकरी दाताखाली धरून तोडली. त्यांनी ती पुढं नेऊन उजेडात धरली आणि दातांच्या खुणांची ती अर्धगोल कड बघत राहिले. खूप वेळ. "साफ," ते म्हणाले. आवाज फाटकावरचा नव्हता. मग त्यांनी तीच भाकरी कुस्करून आमटीत कालवली आणि सावकाश खाल्ली. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही तिघी आपापल्या ताटात बघत बसलो.

माझी हनुवटी आजही जरा पुढंच आहे. पण दात बरोबर मिटतात, आणि या वयातही दोरा मी दातानंच तोडते, सून ओरडते तरी. दादा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही फोटो निघेना. डेपोच्या पासावरचा होता, तो डेपोनं नोकरी संपताना काढून घेतला होता, आणि लग्नकार्यात कॅमेरा निघाला की दादा कुठंतरी पाणी आणायला जायचे. निघाला तो केवलराम डॉक्टरांनी त्या दिवशी बाजूनं काढलेला आणि नंतर माझ्या फोटोंच्या पाकिटात घालायला दिलेला. अक्का म्हणाली, हा नको, चोरासारखा दिसतो. मी ऐकलं नाही. मोठा करून घेतला आणि माझ्या घरात लावला. येणारा प्रत्येक जण विचारतो, असा बाजूनं का? मी कुणाला सांगते, कुणाला नाही. फोटोत दादा उजवीकडं बघतायत, म्हणून मी तो मुद्दाम जेवायच्या टेबलाच्या डाव्या हाताला लावलाय. आम्ही जेवायला बसलो की त्यांचं तोंड आमच्या ताटांकडं असतं.